फ्लॅट तीनशे चारच्या वेढ्याची हकीकत

चैत्र मासी, पाडवा होवोन आठ दिवस लोटले असता, पेपरवाला निलेश याने आमचे दारी उभे राहोन अदबीने अर्ज केला की, "ताई, बाहेरगावी जाताना पेपर बंद करायला सांगत जा ना. दारात चार पेपर साठले की वाचणाऱ्यांपेक्षा न वाचणारेच जास्त बघतात." आणि आम्ही, कडेवर कन्या, हाती दुधाची पिशवी, मान वाकडी करोन खांद्याने कानास दाबिलेला फोन, ऐशा अवस्थेत, "अरे दादा, आपल्या बिल्डिंगमध्ये कोण येतंय," ऐसे बोलोन तो अर्ज नामंजूर केला. त्या नामंजुरीपासोन पुढे काय काय उपजले, कोणते दार कोणी राखिले आणि कोणते कोणी फोडिले, आणि सुंदराबाई नामे थोर बाईचे प्राण भर दिवसा, सोळा बिऱ्हाडांचे डोळ्यांदेखत, कैसे संकटी पडिले, ते लिहिणे प्राप्त जाहले. कारण सोसायटीच्या ग्रूपवर ही हकीकत आजवर नऊ जणींनी नऊ तऱ्हांनी सांगितली, आणि नवांमध्ये शौर्य सांगणारीचेच. सबब खरे ते दफ्तरी असावे.

लिहिणार गार्गी, जौजे नंदकिशोर, वस्ती पुष्पमाला सहकारी गृहनिर्माण संस्था, बोरीवली, फ्लॅट तीनशे दोन. विद्या एम.कॉम. कन्या एक, नामे स्वरदा, वय अडीच. झोप नाही. गॅसचे बटण तीन वेळां पाहिल्यावाचून ही बाई जिना उतरत नाही, ऐसी ख्याती चारही मजल्यांत आहे, आणि ती खरी आहे. चौथ्या वेळेची खबर मात्र कोणास नाही.

तो वैशाख लागला. शाळांस सुट्ट्या पडिल्या आणि निम्मी बोरीवली बॅगा बांधोन कोणी रत्नागिरीस, कोणी भावनगरास, कोणी मुलांच्या मामाचे घरी, ऐसी कूच करिती जाहली. इतकियात आमचे भिंतीस भिंत लागोन असलेली नीलतरंग सोसायटी, तीमध्ये दुसऱ्या मजल्यावर दुपारचे दोन वाजतां गनीम शिरला. घरधनी महाबळेश्वरी, दारात पाच दिवसांचे पेपर. गनिमाने कुलूप तोडिले, कपाट फोडिले, चांदीची समई, दोन घड्याळे आणि मिक्सर ऐसा ऐवज बांधिला, आणि मग निघोन जावयाचे ते न करितां, हापूसची पेटी सोडोन अकरा आंबे खादले आणि कोयी बेसिनमध्ये ओळीने मांडोन गेला. समईचे दुःख ज्यांची समई त्यांस. परंतु कोयींनी तमाम मुलखात दहशत बसविली. एक आंबा खाणारा तो चोर. अकरा खाणारा, आणि कोयी मांडणारा, तो निश्चिंत बसला होता, आणि त्यास ती निश्चिंती दारातल्या पेपरांनी दिधली, हे आम्हांस उमजले. त्या रात्रीपासोन स्वरदेने कूस बदलली तरी आम्ही दाराची कडी पाहावयास उठू लागलो.

मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीचे सावलीस, मसलत बसली. सदर चालविले संस्थेचे सेक्रेटरी राजश्री चंद्रप्रकाशकाका यांनी. हे पोस्टखात्यातून निवृत्त, शिक्क्यावाचून कागदास कागद न मानणारे, आणि अंमलाची हौस बाळगणारे पुरुष. पोलीस ठाण्याचे हवालदार येवोन इतकेच सांगोन गेले होते की घर रिकामे दिसो देऊ नका. तेवढ्या वचनावर आम्ही, नामंजूर अर्जाचे पाप माथी असल्याकारणे, सर्वांआधी उठोन अर्ज केला की, सोळांपैकी सहा घरे आज बंद आहेत, सातवे होणार, तर ही घरे भरली आहेत ऐसे सोंग आपण करावे. काकांस ही मसलत बहुत मानवली आणि त्यांनी ती दुसऱ्या वाक्यापासोन आपली म्हणोन सांगावयास आरंभ केला.

त्याउपरी हुकूम सुटले ते येणेप्रमाणे. हरएक बंद दारासमोर चपलांचे दोन जोड असावे आणि ते रोज बदलावे. हरएक उंबऱ्यावर सकाळी ताजी रांगोळी पडावी, ते काम चौथ्या मजल्यावरील श्रुतिका, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, हिजकडे. पेपर व दूध उचलणे आणि किल्ल्यांचा डबा सांभाळणे आम्हांकडे. आणि सर्वांत थोर हिकमत ती आवाजाची. ती काकांनी खासा स्वतःकडे ठेविली. घरोघरचे जुने मोबाइल जमा करोन, त्यांवर माणसांचे बोलणे भरोन, ते बंद घरांत दिवसभर वाजत ठेवावे, म्हणजे जिन्यात उभ्या गनिमास वाटावे की आत बिऱ्हाड नांदते आहे. गाणी लावू नयेत, ती कोणीही लावितो. भांडण असावे, त्यावर विश्वास बसतो.

मग चारशे एक क्रमांकात काका व काकू यांचे रिमोटवरील भांडण लागले, अवधी चाळीस मिनिटे. दोनशे तीनमध्ये श्रुतिकेच्या मातोश्रींनी लग्नाविषयी श्रुतिकेस लावलेला बोल लागला. तो इतका जिवंत उतरला की खुद्द श्रुतिका रांगोळीचा डबा घेवोन तेथोन जाता, "आई, बस झालं ना आता," ऐसे बंद दारास म्हणोन पुढे सरकू लागली.

चपलांच्या खात्यात मात्र घात जाहला. हरएकाने जोड द्यावा ऐसा हुकूम असता, हरएकाने फेकावयाचा तोच जोड दिला. अंगठा तुटलेल्या, टाच झिजलेल्या, एक पाय निळा एक पाय तपकिरी ऐशा चपला दारोदारी मांडिल्या, आणि पुष्पमालेकडे पाहता गनिमास दया यावी ऐसी तिची शोभा जाहली.

याहीपरीस मोठा घात काकांच्या हातोन घडला. कोणते घर कधीपासोन कधीपर्यंत बंद, याची सुवाच्य यादी करोन, तीवर शिक्का मारोन, त्यांनी ती लिफ्टशेजारील नोटीस बोर्डावर लाविली. आम्ही स्वरदेस खाली झोक्यावर नेत होतो, ती यादी पाहोन तेथेच थबकलो.

"काका, हे काय लावलंय?"

"यादी. लोकांना कळायला नको, कुठल्या दारात चपला ठेवायच्या?"

"अहो, चोराला पण कळेल ना!"

"बोर्डवर लिहिलंय वर, फक्त सभासदांसाठी."

आम्ही ती यादी तेथेच फाडोन तिचे सोळा तुकडे केले आणि सोळाही पर्समध्ये घालोन घरी आणिले. काकांस राग आला. त्यांनी फर्माविले की आजपासोन यादी कागदावर नाही, ती ज्याने त्याने मस्तकात ठेवावी. आणि तैसेच चालले. कागदावरची यादी खोडोन दुरुस्त करिता येते, हे तेव्हां कोणाचे ध्यानी आले नाही.

आता सुंदराबाईंची ओळख. फ्लॅट तीनशे चार, आमचे समोर. मूळ जालन्याकडील, मोठ्या इस्पितळात आया म्हणोन छत्तीस वर्षे चाकरी केलेली, वय अडुसष्ट, एकट्या राहणाऱ्या. धनी धोंडिराम गेले त्यास सहा वर्षे जाहली. पुत्र धम्मपाल नाशकास नोकरीवर. बाईंचा आवाज ऐसा की वॉर्डाच्या या टोकास हाक घातली असता त्या टोकाचा रोगी उठोन बसे. साखरेचा विकार, सकाळी गोळी आणि गोळीमागोमाग खाणे, यात चूक नाही. आम्ही चार दिवस त्यांच्या मागे लागोन दारास नवे लॅच, आतून साखळी आणि बाहेरच्या जाळीच्या दारास आणखी एक कडी बसविली होती. बाई तेव्हां म्हणाल्या होत्या, "गार्गे, माझ्या घरात चोर शिरला ना, तर तोच आतून कडी लावून कोपऱ्यात बसंल गं, माझ्या तोंडाच्या भ्यानं." परंतु आमचे मन राखावे म्हणोन त्यांनी तिन्ही कड्या लाविल्या, आणि रोज लावीत गेल्या.

या बाई बुद्धपौर्णिमेस पुत्राकडे जाणार होत्या. शुक्रवारी पहाटे धम्मपाल गाडी घेवोन येणार, ऐसे सर्वांस ठाऊक. सबब शुक्रवारपासोन तीनशे चार बंद, ऐसे सर्वांचे मस्तकात लिहिले गेले. गुरुवारी रात्री धम्मपालचा फोन आला की गाडीचा क्लच गेला, परवा येतो. बाईंनी बरे म्हटले आणि झोपी गेल्या. एवढ्याशा गोष्टीची दवंडी कोण पिटतो?

शुक्रवार उजाडला. बाईंनी आठ वाजतां गोळी घेतली, पोहे भिजविले, आणि खावयास बसणार तो ध्यानी आले की नळाचे पाणी नऊला जाते. म्हणोन आधी आंघोळ उरकावी, मग खावे, ऐसा बेत केला आणि बाथरूमात शिरोन कडी लाविली. ही कडी वीस वर्षांची. आंघोळ जाहली, पाणी गेले, आणि बाईंनी कडी ओढिली तो तिची मूठ हातात आली आणि कडी जागेवर राहिली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. गोळी पोटात, अन्न ओट्यावर. इस्पितळात छत्तीस वर्षे काढल्याकारणे पुढे काय होते ते बाईंस पाठ. आधी घाम, मग हातास कंप, मग जीभ जड, मग बोलणे तुटत जाते, आणि मग कोणी वेळेवर साखर दिधली तर माणूस राहतो. (आतली ही हकीकत मागाहोन खुद्द बाईंनी सांगितली, आणि मधोनमधोन आम्हांस काय काय म्हणाल्या ते येथे गाळिले असे.)

बाई ओरडू लागल्या.

नऊ वाजतां श्रुतिका रांगोळीचा डबा घेवोन तीनशे चारच्या उंबऱ्यावर बसली. आतोन आवाज येतो, "कोण हाय गं बाहेर? दार उघड, दार!" श्रुतिकेने कान देवोन ऐकिले आणि मान डोलाविली. इतकियात काका चपलांचे जोड घेवोन वर आले.

"काका, हे कधी लावलंत? कसलं भारी वाटतंय यार! एकदम सुंदरामावशी आत आहेत असंच."

काकांस पक्के ठाऊक की हे आपण लाविले नाही. किल्ल्या गार्गीपाशी, तेव्हां तिनेच लाविले असणार. परंतु श्रेय आपण होवोन दारी चालत आले, ते माघारे कोण धाडितो? काका म्हणाले, "करावं लागतं असं. लक्ष ठेवायला लागतं बारीकसारीक." आणि तीनशे चारच्या दारात अंगठा तुटलेल्या चपला मांडोन ते गेले. मग श्रुतिकेने तेथे निवांत मोर काढिला, पिसांत सात रंग भरिले. आतोन बाई शिव्या घालीत होत्या. श्रुतिका त्या ऐकोन हसत होती.

दहा वाजतां आत फोन वाजला. तो धम्मपालचा, आईने गोळी घेतली का हे विचारावयास. वाजोन वाजोन थांबला, पुन्हा वाजला. जिन्यातोन जाणाऱ्या दोघींनी ग्रूपवर मजकूर लिहिला की, तीनशे चारमध्ये फोनची रिंगही लाविली आहे, काय डोके आहे. त्याखाली तेरा टाळ्या आणि दोन हार पडिले. धम्मपालने मनात म्हटले की आई बाजारात गेली असेल.

अकरा वाजतां खासा आमची स्वारी, कडेवर स्वरदा, पेपर उचलावयास निघाली. तीनशे चारच्या दारी येता आतोन हाक ऐकिली, "अगं कोणीतरी या की गं!" आमचे पाऊल अडखळले. परंतु आम्ही शिकल्यासवरल्या, घाईने निष्कर्ष न काढणाऱ्या. तेथेच उभे राहोन श्रुतिकेस मेसेज धाडिला: तीनशे चारला आवाज कुणी लावला गं? जाब आला: काकांनी. झकास आहे ना? आम्ही अंगठा धाडिला. आमची पावले वाजत असता आतला आवाज थांबला होता, आणि आम्ही दारापासोन चार पावले गेलो तो पुन्हा, पहिल्याहोन मोठा, सुरू जाहला, हे आमचे कानाने ऐकिले. मनाने ऐकिले नाही. घरी जावोन आम्ही स्वरदेस वरणभात भरविला.

आता ज्यास या मोहिमेचे तोंड फिरणे म्हणावे तो समय. साडेबारा वाजतां स्वरदेस निजविले, तो ती पाळण्यात उठोन रडू लागली. आम्हांस मैत्रिणींनी सांगोन ठेविले आहे की लगेच धावू नये, दोन मिनिटे थांबावे. म्हणोन आम्ही स्वयंपाकघरात, हाती लाटणे, श्वास रोखोन उभ्या राहिलो. ती रडली. मग थांबली. ते थांबणे ज्या आयांनी ऐकिले आहे त्यांस सांगणे नलगे. पोर दमोन थांबत नाही. पाऊल वाजते का, आई येते का, हे ऐकावयास थांबते, आणि कोणी येत नाही ऐसे पाहोन मोठ्याने रडते. त्या थांबण्यास कान असतो.

आणि आमचे हातीचे लाटणे ओट्यावर पडिले.

यंत्र थांबत नाही. काका-काकूंचे भांडण कोणाच्या पावलांसाठी थांबत नाही. श्रुतिकेच्या मातोश्री कोणी जिन्यात आहे का हे पाहावयास थांबत नाहीत. तीनशे चारचा आवाज थांबला होता. आमच्या पावलांसाठी थांबला होता.

मग आम्ही किल्ल्यांचा डबा उपडा केला. किल्ल्या सहा. सातवी कधी आलीच नव्हती, कारण ती देणारी बाई घर सोडोन गेलीच नव्हती. रडती कन्या काखेत मारोन, पायात चप्पल नाही, ऐशा आम्ही समोरच्या दारावर जावोन पडिलो, मोर पायाखाली मोडला.

"मावशी! मावशी, तुम्ही आत आहात?"

आतोन जाब आला, "नाही, चंद्रावर हाय! चार तास बोंबलतेय, बहिरटांनो!"

"अहो, पण तुम्ही तर नाशिकला—"

"नाशिकला न्हाणीघरातून जात्यात का गं?"

"काही खाल्लंत का?"

"साबण हाय हितं. खाऊ?" आणि मग, आवाज खाली येवोन, "गार्गे, सकाळी गोळी घेतलीया गं. हात कापाय लागलेत."

आम्ही जिन्यात तोंड घालोन ऐसी आरोळी दिधली की चारही मजले जमा जाहले. आणि मग पुष्पमालेच्या इतिहासात जो प्रसंग कधी घडला नव्हता तो घडला. जी फौज दहा-बारा दिवस घरफोडी रोखावयास झटली, तिला आता घर फोडावे लागले, आणि सोळा बिऱ्हाडांत ती विद्या एकासही येईना. काकांनी खांदा दिधला, दार हलले नाही, खांदा हलला. कोणी बॅट आणिली, कोणी एटीएमचे कार्ड फटीत घातले ते आत पडिले. नवे लॅच, आतील साखळी, जाळीची कडी, तिन्ही आमचे हट्टाने बसविलेली, तिन्ही उत्तम. आम्ही त्या कड्यांकडे पाहोन मनातल्या मनात स्वतःस जे बोललो ते मावशीही आजवर कोणास बोलल्या नसतील. कोणी डॉक्टरांस फोन लाविला, कोणी स्टेशनाकडे चावीवाल्यास आणावयास रिक्षा पिटाळिली.

चावीवाला आला. हत्यारांची पेटी खाली ठेविली, दाराकडे पाहिले, आणि म्हणाला, "सेक्रेटरींचं पत्र?"

कारण काकांनी आठ दिवसांमागे खलिता धाडोन त्यास ताकीद दिधली होती की, पुष्पमालेतील कोणतेही कुलूप सेक्रेटरीच्या सही-शिक्क्याच्या पत्रावाचून उघडिल्यास पोलिसांत देऊ.

"अरे, मीच सेक्रेटरी!" काका म्हणाले.

"तसं कोणीबी म्हणेल ना साहेब. तुम्हीच लिहिलंय, तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवू नये. शिक्का पाहिजे."

शिक्का संस्थेच्या ऑफिसात. ऑफिसास कुलूप. कुलपाची किल्ली काकांनी गनिमाचे भयाने ऐशा गुप्त जागी ठेविली होती की ती जागा त्यांसही गुप्त राहिली. ऑफिसाचे कुलूप उघडावे तर चावीवाल्यास पत्र हवे, पत्रास शिक्का हवा, आणि शिक्का ऑफिसात. काका हातात कोरा कागद धरोन जिन्यातच खाली वर, खाली वर करू लागले.

मग आम्ही चावीवाल्याचा हात धरोन त्याचा कान दारास लाविला आणि ओरडलो, "मावशी, घर कुणाचं आहे?"

आतोन अतिशय हळू, परंतु स्पष्ट: "माझं हाय. फोड."

चावीवाला म्हणाला, "मालक बोलला म्हणजे झालं," आणि पेटी उघडिली.

सतरा मिनिटे लागली. त्याने जाळी कापोन हात आत घातला आणि कडी काढिली, मग लॅचास सळई लाविली. आम्हांकडे त्या सतरा मिनिटांत एकच काम होते, ते म्हणजे मावशींस जागे ठेवणे. आम्ही हाका मारीत होतो आणि जाब लहान लहान होत होते. हो. हाय. हं. तेव्हां आम्हांस सुचले की या बाईस प्रेमाने जाग येणार नाही. म्हणोन सोळा बिऱ्हाडांसमोर ओरडलो, "मावशी, तुमच्या ठेच्यात शेंगदाणे असतात ना?"

आत काही पडल्याचा आवाज आला. "शेंगदाणे? कोन म्हनतं?"

"श्रुतिका म्हणते!"

"तिला... माझ्या दारात... उभी करू नको."

"आणि साखर पण घालता म्हणे चिमूटभर!"

यास जाब आला नाही. आम्ही पुन्हा ओरडलो. जाब नाही. स्वरदा रडावयाची थांबली. जिन्यात इतके लोक असता कोणाचा श्वास ऐकू येईना, आणि वरच्या मजल्यावर तेवढे काका-काकूंचे रिमोटचे भांडण चालले होते. चावीवाल्याने साखळी कापिली.

दार पडिले. चावीवाला व श्रुतिका बाथरूमाकडे, आम्ही स्वयंपाकघराकडे. चावीवाल्याने पेचकसाने बाथरूमाच्या दाराच्या बिजागऱ्या काढिल्या, आणि पाहतो तो मावशी उलट्या बादलीवर बसलेल्या, गाऊन घामाने भिजलेला, डोके भिंतीस, डोळे अर्धे उघडे, आणि हातात ती तुटलेली मूठ घट्ट धरलेली. आम्ही साखरेचा डबा वाटीत ओतला, पाणी घातले, आणि चमच्याने ओठांशी लाविले. पहिला चमचा हनुवटीवरोन गेला. दुसराही गेला. तिसरा त्यांनी गिळला, आणि मग चवथा, आणि मग वाटीच हातात घेतली. आम्ही जमिनीवर बसोन घेतले. श्रुतिका मावशींचा गार हात दोन्ही हातांत धरोन चोळीत होती, आणि त्या हातास मोराचे सातही रंग लागत होते.

पाव तासाने मावशींनी डोळे पुरते उघडिले. सर्वांस पाहिले. दाराकडे पाहिले.

"दारात त्या फाटक्या चपला कुनाच्या?"

काकांनी मान खाली घातली.

"चंद्रप्रकाश, तुमच्याच असतील. उचला. आन् शिरिमंतिणीनो, पोह्यांचा लगदा झाला असंल, त्यो कोन तरी फेका आन् नवीन टाका. शेंगदाणे घालून."

डॉक्टरांनी येवोन साखर तपासली, धोका टळला ऐसे सांगितले. धम्मपाल मिळेल त्या बसने संध्याकाळी पोचला, आणि आईस मिठी मारावी की सोळा बिऱ्हाडांस बोल लावावा, या पेचात दारातच उभा राहोन रडला. त्यास कोणी रडू नको म्हटले नाही. काकांनी त्याच सायंकाळी, सर्वांसमक्ष, आवाज आपण लाविला नव्हता हे कबूल केले. हेही दफ्तरी असावे, कारण यास शौर्य लागते. आम्हीही कबूल केले की अकरा वाजतां आम्ही ऐकिले होते आणि अंगठा धाडिला होता.

मग मावशींनी अंमल आपले हाती घेतला. जुने मोबाइल जप्त जाहले. चपला भंगारात गेल्या. हुकूम एकच सुटला की, जे घर बंद आहे त्याचे दारावर सकाळ-सायंकाळ माणसाने जावे, कुलूप हाताने ओढोन पाहावे. आणि ज्या घरात माणूस एकटा आहे, तेथे रोज दहा वाजतां बेल वाजवावी आणि तोंड पाहिल्यावाचून हलू नये. त्या दिवसापासोन पाळी लागली आहे. मावशींकडे ज्याची पाळी, त्यास चहा मिळतो आणि बोलणी मिळतात. चुकविली पाळी कोणी आजवर ऐकिली नाही.

येणेप्रमाणे वैशाखाची मोहीम फत्ते जाहली. गनीम आला नाही. सोळाही बिऱ्हाडे शाबूत राहिली, सहा बंद होती ती धनी परतता जैसी होती तैसी त्यांचे हवाली केली. सबंध महिन्यात पुष्पमालेत एकच दार फुटले, ते आम्हीच फोडिले, आणि त्याचा आम्हांस जन्मभर अभिमान आहे. सही गार्गीची. शिक्का नाही, तो अद्याप सापडला नाही.

आता वाचणारास एक विनंती लिहिणारीकडोन. ही हकीकत वाचिता वाचिता आपले मनात कोणा एकाचे नाव आले असेल. समोरचे आजोबा असतील, वरच्या मजल्यावरील बाई असेल, किंवा दूर कोठे गावी असलेली आपलीच मावशी असेल, जिचा आवाज परवा फोनवर जरा निराळा वाटला आणि आपण कामात होता. तेच नाव. दुसरे शोधू नये. हे पान खाली ठेवावे, उठावे, दार ठोठावावे किंवा नंबर लावावा, आणि जाब आल्यावाचून माघारी फिरो नये.